हसनैनचं नवं कार्ड

"मेल्यावर पळते काय बे कोनी? अं? मेल्यावर?" रोहित कूलरच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून बोंबलत होता. "समोरचा येते, तुले ठोकते, निंगून जाते, अन् मंग तू पळाले लागते! मुर्दाड साला!"

"पायरी माह्या बापाची हाये. आवाज खाली कर," हसनैन म्हणाला.

"कावून? गिऱ्हाईक भेवून पळतीन काय? हायेत कुठी गिऱ्हाईक?"

हे मात्र रोहितनं बोलायले नव्हतं पाहिजे. हसनैननं हातातला पाना बाजूच्या कूलरवर फेकून मारला. पत्र्याचा असा दणका झाला का समोरच्या ट्यूशन क्लासातले पोट्टे गणित सोडून खिडकीत आले.

भांडण होतं गेमचं. राजापेठेतल्या पाच पोट्ट्यांनी टीम बनवली होती. पाच इकडचे, पाच तिकडचे, जो तो आपापल्या घरी बसून, अन् कॉम्प्युटरवर सगळे एकाच मैदानात एकमेकांवर गोळ्या झाडणार. रोहित कप्तान. त्याच्या बापाचा फुलांचा मोठा धंदा, घरात एसी, लॅपटॉप कोरा. शनिवारी दुपारी अकोल्याच्या टीमसंग मॅच होती. ती जिंकली का पुढची मॅच अकोल्याले हॉलमध्ये. स्टेजवर बसवणार, माइकवर एकेकाचं नाव पुकारणार. हसनैनले त्या नावाचीच पडली होती. दहावीत शाळा सोडल्यापासून त्याचं नाव कोणी जोरानं घेतलं असन तर ते शिव्या द्यायलेच. पण निशाणा असा का टीममधला एकजण त्याच्या जवळपास नव्हता. रोहितले हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर तो एवढा पेटला होता.

"होळीच्या पहिले तू एकटा चार-चार जनाले लोळवत होता," रोहित म्हणाला. "आता पिंग पाय तुहा. तीनशे! चारशे! आमाले दिसते ना तू जागच्या जागी झटके खाऊन राहिला ते."

पिंग म्हणजे आपण बटण दाबल्यावर ते गेमपर्यंत पोचायले लागणारा वेळ. तो आकडा वाढला का खेळ अडकते. पोट्टे त्याले लॅग म्हणत. आपण गोळी झाडतो, पण ती सुटेपर्यंत आपली मय्यत उठलेली असते.

"हात खराब नाई झाला माहा. लॅपटॉपचं वायफायचं कार्ड भंगार हाये."

"मंग होळीच्या पहिले काय सोन्याचं होतं? होळीत रंग खेळलं काय कार्ड?"

"तुले काय कळते बे कार्डातलं?"

"मले एवढं कळते, शुक्रवारपर्यंत पिंग खाली आला नाई त शनिवारी गीतांजली खेळन." गीतांजली म्हणजे रोहितची चुलत बहीण. बरी खेळायची, पण घाबरून आपल्याच माणसाले गोळी घालायची. "तिचा निशाना तुह्यासारखा नाई, पन ते मेल्यावर त पळत नाई!"

रोहितनं गाडीले किक मारली अन् गेला. धूर हसनैनच्या तोंडावर.

लॅपटॉप तसा जुनाच. लग्न झालेल्या बहिणीच्या, आरजूआपाच्या, नवऱ्यानं वापरून वापरून झिजवलेला, दिवाळीत घरी आला. नेटची वायर लावायच्या भोकातल्या पिना मोडलेल्या, म्हणून वायफायशिवाय इलाज नाही. हसनैननं मागचं झाकण उघडून पाहिलं होतं. वायफायचं कार्ड नखाएवढं, एका स्क्रूनं दाबलेलं. स्क्रीनच्या कडेनं दोन बारीक तारा खाली आल्या होत्या, एक काळी अन् एक पांढरी. पण कार्डावर एकाच तारेले जागा. पांढरी तार टेपात गुंडाळून बाजूले टाकलेली. दोन कानाच्या माणसाच्या एका कानात बोळा कोंबून ठेवावा, तसं. दुसऱ्या कोणाले हे दिसलं नसतं. हसनैनले दिसलं, अन् त्याच्या डोक्यात बसलं का दोन तारांचं कार्ड आणायचं म्हणजे आणायचं.

तसं कार्ड निघालं अकोल्यात. बस स्टँडच्या मागं भगवंत म्हणून एकजण लॅपटॉप दुरुस्त करायचा. मेलेल्या लॅपटॉपातून काढलेली कार्डं त्याच्यापाशी डब्यात पडलेली असत. हसनैन गुरुवारी एस.टी.नं गेला. मे महिना. मूर्तिजापूरपर्यंत खिडकीतून भट्टीचा वारा, अन् बाजूले एक बाबा तुरीचं रडगाणं गाऊन राहिला होता. भाव पडला, पोते बाजार समितीत पडले, पोरीचं लग्न पुढं ढकललं. हसनैननं कानात हेडफोन घातला. त्यात गाणं नव्हतं काही, पण बाबा थांबला.

भगवंतच्या दुकानात पाय टाकल्याबरोबर हसनैनचं नाक आकसलं.

"हे काय सडून राहिलं अठी?"

"कूलर हाये बावा," भगवंत म्हणाला. चाळिशीचा, बनियनवर बसलेला, घामानं चिंब. "हवा कमी अन् वासच जास्त फेकते. तुले काय पायजे?"

"दोन तारांचं कार्ड. अन् हे गवत कोनं भरलं यात?"

"मीच भरलं."

"हे गवत भरनं म्हंतात काय भाऊ? गादी भरली तुमी! हवा जाईन कुठून? अन् पानी कवाचं हाये खालचं? संक्रांतीचं?"

भगवंत हसला. "लय बोलतं बे तू. जमते काय तुले कूलरचं?"

"बाप कूलर बनवते माहा. राजापेठेत."

मग सौदा असा ठरला का हसनैननं कूलर करून द्यायचा अन् भगवंतनं कार्ड. हसनैननं तिन्ही जाळ्या काढून गवत उकिरड्यावर फेकलं, टाकी घासली, मोटरीत अडकलेली शेवाळ ओढून काढली, नवं गवत पातळ पसरून बांधलं. शर्ट काढून, शिव्या देत देत. कूलरनं थंडगार झोत सोडला तसे भगवंतनं डोळे मिटले. मग डब्यातून चांगलं दोन तारांचं कार्ड शोधून त्यानं हसनैनसमोर ठेवलं.

"तूच बसव. मी पायतो."

हसनैननं पहिले बॅटरी काढली. जुनं कार्ड काढलं, नवं तिरपं घालून दाबलं, स्क्रू कसला. काळ्या तारेचं टोक नखानं दाबून टक्क बसवलं. मग टेप सोडवून पांढरी. तीही टक्क. त्या दुसऱ्या आवाजानं त्याच्या अंगावर काटा आला. लॅपटॉप सुरू केला, भगवंतच्या नेटवर गेम लावला. पिंग तीसच्या आतबाहेर. त्यानं मैदानात एक चक्कर मारली. माणूस असा पळाला का जसा होळीच्या आधी पळायचा.

"आता पाय रोहित्या," तो स्क्रीनले म्हणाला. "आता सांग कोन मुर्दाड."

अन् शुक्रवारी दुपारी घरी, मागच्या खोलीत, आपल्या नेहमीच्या जागेवर बसून त्यानं तोच गेम लावला तर पिंग तीनशे वीस.

बंद करून परत लावला. तीनशे ऐंशी.

झाकण खोलून दोन्ही तारा पाहिल्या. जागच्या जागी. परत लावला. माणूस झटके खात भिंतीत घुसला अन् तिथंच राहिला. हसनैननं जमिनीवर मूठ मारली. मग भगवंतले फोन लावला.

"डब्बा देला तुमी मले!"

"अठी चाललं का नाई चाललं?" भगवंत तिकडून म्हणाला. मागं कूलरचा आवाज येत होता, त्यानं हसनैन अजूनच भडकला.

"चाललं ना! म्हनून त म्हंतो, तुमी काहीतरी—"

"मी काय केलं? डोयासमोर तूच बसवलं. कार्ड माह्या घरी चालते, तुह्या घरी चालत नाई. मंग भूत तुह्या घरात हाये बावा, माह्या कार्डात नाई."

फोन कट. हसनैननं केबलवाल्याले लावला, तो उचलतच नव्हता. मोठी बहीण महेजबीन भाजी चिरता चिरता सगळं ऐकून राहिली होती.

"नवं कार्ड आनलं, आता नवीन डोकं बी आन म्हना अकोल्याहून," ती म्हणाली. "त्या भगवंतच्या डब्ब्यात असन एखादं."

"तू गप बस आपा. नाई त—"

"नाई त काय? मले बी पाना फेकून मारशीन?"

तेवढ्यात पुढून अब्बांची हाक आली. "हसनैन! हात लाव इकडे! मोर्शीवाले किसनराव आले!"

घराची रचना अशी होती. पुढं रस्त्यावर दुकान, मागं राहायची खोली, अन् दोघांच्या मध्ये एक लांब अंधारी खोली, तयार माल ठेवायची. अब्बा, म्हणजे कुर्बानभाई, थंडीभर पत्रा कापून, वाकवून, ठोकून कूलर बनवत अन् त्या मधल्या खोलीत रचून ठेवत. एकावर एक, पार छतापर्यंत. वऱ्हाडात पोरीच्या लग्नात आंदणात कूलर देतात, म्हणून होळी झाली का मोर्शी, चांदूर, अचलपूरकडची माणसं येत अन् लग्नसराई सरता सरता ती खोली झाडायले मोकळी होई. यंदा खोली होळीले भरली ती भरलेलीच होती. माणसं येत, पत्र्यावर बोट वाजवत, चहा पीत, तुरीचं बोलत, अन् "पाहू पुढं" म्हणून निघून जात.

किसनरावांनी पोरीच्या आंदणासाठी थंडीतच एक मोठा कूलर सांगून ठेवला होता. तो नेमका मागच्या ओळीत, कोपऱ्यात. तो काढायचा म्हणजे पुढची आख्खी रांग सरकवा लागे. हसनैन तोंड फुगवून गेला. गेम तसाच चालू ठेवून, लॅपटॉप मधल्या दारातूनच दिसेल असा स्टुलावर ठेवून. बाप अन् पोरगा मिळून एकेक कूलर उचलून दुकानात काढाले लागले. पत्र्याच्या कडा तळहातात रुतून राहिल्या होत्या.

"धीरे! कोना मारशीन," अब्बा म्हणाले.

हसनैननं रागानं मागं वळून पाहिलं. अन् पाहतच राहिला. स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा शंभरावर आला होता.

त्यानं पुढचा कूलर उचलला. सत्तर. आणखी दोन काढले. पस्तीस. त्याचा माणूस मैदानात सुतासारखा सरळ उभा, एक झटका नाही.

राऊटर कुठं होतं? दुकानात, शटरच्या वर. केबलवाल्यानं वायर तेवढीच सोडली होती, तिथंच खिळा ठोकून टांगलं. अन् हसनैन बसे मागच्या खोलीत. मध्ये छतापर्यंत पत्रा. लोखंडी पेट्यांची भिंत! नेट त्या पत्र्यावर डोकं आपटून आपटून मरत होतं, अन् तो दोन-अडीच महिने कार्डाले शिव्या देत बसला होता. कूलरवाल्याचा पोरगा! दुसऱ्याचा कूलर चार बोटांनी ओळखणारा! होळीपासून! अबे होळीलेच त खोली भरली!

"अब्बा, हे असेच बाहेर राहू द्या," तो एकदम म्हणाला.

पण अब्बांचं लक्ष किसनरावांकडे होतं. किसनरावांनी आपला कूलर पाहिला, पंखा हातानं फिरवून पाहिला. "झ्याक बनवला कुर्बानभाई." मग टोपी काढून परत घातली. "पन यंदा पोरीचं लग्न रजिस्टरच करून टाकतो म्हंतो. आंदन-बिंदन पुढं पाहू. तुमाले सांगा लागते म्हनून आलो, फोनवर सांगनं बरं नाई वाटत."

"काही हरकत नाई," अब्बा म्हणाले. "चहा घ्या."

चहा झाला, किसनराव गेले. अब्बांनी कूलरले हात घातला. "चल, आत ठेव."

"नाई."

"काय नाई?"

"आत नाई ठेवायचे. उद्या माही मॅच हाये. या पत्र्यानं नेट अडते. उद्या दुपारपुरते रस्त्यावर काढून ठेवू, मंग मी एकटा आत भरतो सप्पे."

"रस्त्यावर?" अब्बांनी त्याच्याकडे असं पाहिलं का जसं त्यानं घरातली बाई रस्त्यावर बसवायची गोष्ट केली. "सारे कूलर रस्त्यावर? म्हनजे सारं राजापेठ पाहीन, मे निंघून चाल्ला अन् कुर्बानचा माल बसला."

"बसलाच हाये ना!"

बोलून गेला तो. अब्बांचा चेहरा लाल झाला. रागावले का अब्बा हिंदीवर येत.

"क्या बोला तू? फिर से बोल. इस पत्रे पे पला तू. स्कूल छोडा, मैंने कुछ बोला? दिनभर ठांय-ठांय, मैंने कुछ बोला?"

"मंग आता कायले बोलून राहिले? तुमाले माल लपवायचा हाये, म्हनून मी मरू काय?"

"लपवायचा?" अब्बा परत मराठीत आले, अन् आवाज खाली गेला, तो जास्त लागला. "अतिक्रमणवाल्याची गाडी फिरून राहिली. बाजूच्या खुशालरावचे टेबल-खुर्च्या कसे भरून नेले, पाह्यलं नाई तू? एक घंटा म्हनून ठेवले होते त्यानं. आतापर्यंत हेलपाटे मारून राहिला. खेळण्यासाठी माहा आख्खा हंगाम त्या गाडीत टाकू?"

"दुकानात बसून खेळतो मंग."

"खेळ ना. बस."

हसनैन बसला. पश्चिमेचं ऊन शटरखालून थेट आत, चारी बाजूनं पत्रा. लॅपटॉप तापून फट्कन बंद पडला. अब्बांनी बाह्या वर केल्या. एकटेच कूलर ओढत ओढत मधल्या खोलीत भराले लागले, अन् हसनैन हाताची घडी घालून पाहत राहिला. हात लावला नाही.

त्यानं रोहितले फोन केला. "पिंग पस्तीसवर आला."

"खोटं बोलून राहिला."

"आईच्यान. उद्या पाय."

"उद्या जर का झटका खाल्ला ना हसनैन, टीममधून त जाशीनच, पन राजापेठेत कोनाले तोंड दाखवू देनार नाई तुले."

शनिवारी दुपारी अब्बा नमाजले गेले. तिथून कूलरच्या मोटरा आणायले ते इतवाऱ्याच्या बाजारात जाणार होते. गल्लीचं वळण त्यांनी पार केलं तसा हसनैन मधल्या खोलीत घुसला.

"आपा, दुसरीकडून धर."

"मी नाई. अब्बा तुले सोलतीन अन् मले उकडतीन."

"धर ना व! पाया पडतो तुह्या."

महेजबीननं ओढणी कमरेले खोचली. पुटपुटत, शिव्या देत, पण धरलं तिनं. दोघांनी एकेक कूलर उचलून दुकानासमोर डांबरी रस्त्याच्या कडेले ओळीनं लावला. ऊन असं का पत्रा चटके देई, हसनैननं हाताले पोतं गुंडाळलं. खुशालराव आपल्या चहाच्या ठेल्यावरून ओरडला, "अरे पोट्ट्या, गाडी येईन ना बे!" हसनैन म्हणाला, "आली त चहा पाजा तिले." क्लासातले पोट्टे परत खिडकीत. एका बाईनं स्कूटी थांबवून भाव विचारला. "अब्बा आल्यावर या," हसनैन म्हणाला, अन् आत पळाला. तळहात सोलून निघाले होते. माउस धरला तर चिकटला.

पिंग बत्तीस.

"आला काय बे?" हेडफोनमध्ये रोहित.

"आलो. डावीकडून नको जाऊ, वर एक बसला हाये."

"तुले कसं—"

हसनैननं वरच्याले टिपला. रोहित उजवीकडे वळला. मग हसनैन सुटलाच. होळीपासूनचा सगळा राग त्या दोन बोटांत येऊन बसला होता. रोहित मुर्दाड म्हणाला त्याचा, भगवंतनं फोन कापला त्याचा, अब्बांनी मुकाट्यानं एकट्यानं माल आत भरला त्याचा तर जास्तच. अकोलेवाले दिसले का पडत. त्यानं दाबलं का गोळी त्याच क्षणी सुटत होती. मधी काही नव्हतं, ना पत्रा, ना झटका. पहिला डाव घेतला. दुसरा अकोल्यानं घेतला, कारण रोहित मधात येऊन मेला. तिसऱ्यावर सगळं होतं.

"हसनैन भाई," रोहित म्हणाला. भाई! "तू म्हनशीन तसं खेळतो आमी. सांग फक्त."

"मागं राहा माह्या. बस."

तिसऱ्या डावात इकडचे दोन उरले, तिकडचे दोन. हसनैन एका पडक्या भिंतीआड दबून होता. पावलांचा आवाज येऊन राहिला होता, जवळ, अजून जवळ.

अन् बाहेर रस्त्यावर पत्र्याचा दणका झाला.

तो आवाज त्याले ओळखू आला. कूलर आपटून गाडीत फेकल्याचा. मग दुसरा. महेजबीन किंचाळली. मग अब्बांचा आवाज. एवढ्या लवकर कसे आले इतवाऱ्यातून?

"रुको साब! हात मत लगाव! बच्चे का मॅच चालू है अंदर! आधा घंटा, बस आधा घंटा, मैं खुद उठाता!"

हसनैननं एका कानावरून हेडफोन सरकवला.

"साब, वो खेळ रहा है! मैंनेच रखवाया! मैंने बोला उसको रखने!"

मधल्या मोकळ्या खोलीतून आता थेट रस्ता दिसत होता. एका कूलरची एक कडा अब्बांनी दोन्ही हातांनी धरली होती, दुसरी कडा गाडीवरच्या दोन माणसांनी, अन् अब्बांची टोपी खाली रस्त्यावर पडली होती. पत्र्याच्या धारेवर अब्बांची बोटं.

"हसनैन भाई, येऊन राहिला तो! उजवीकडून! मार!" रोहित ओरडला. "हसनैन! अबे मार ना! कुठी गेला? परत लॅग झाला काय बे?"

"लॅग नाई झाला," हसनैन म्हणाला. हेडफोन काढता काढता तो उभा झाला होता. "मले जा लागते आता."